टॉवेलाखालचा अभिप्राय

आमच्या घोडेगावात जिथे डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे आता रक्त-लघवीचे नमुने गोळा करण्याचे केंद्र निघाले आहे. काचेचे दार, आत गार हवा आणि भिंतीवर हसणाऱ्या एका कुटुंबाचे मोठे चित्र. त्या कुटुंबातील एकालाही काही झालेले नाही हे चित्र पाहताच कळते. तरीही ते सहकुटुंब तपासणीला आलेले आहे. बाहेरच्या फलकावर लिहिले आहे की संपूर्ण शरीराच्या तपासणीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. या फलकाविरुद्ध मी ग्रामपंचायतीस, आरोग्य अधिकाऱ्यांस आणि जिल्हाधिकाऱ्यांस स्वतंत्र पत्रे पाठवली. पोच मिळाली, उत्तर नाही. उत्तर न देण्याचा अधिकार शासनास कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला, अशी पृच्छा करणारे पत्रही पाठवले. त्याचीही पोच मिळाली.

डॉक्टर हयात असते तर त्यांनी या केंद्राविरुद्ध चकार शब्द काढला नसता. उलट, चष्मा पुसत म्हणाले असते, "योग्यच आहे, भाऊसाहेब. यात कोणावर दोष येत नाही."

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. परवानगीवाचून स्वतःचे नाव कोणत्याही कागदावर आले की त्यांची झोप उडत असे, आणि आता परवानगी घेण्याची सोय उरलेली नाही.

उंच, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला एक निळ्या काठाचा टॉवेल. रुग्ण तपासून झाला की ते हात धूत, टॉवेलाला पुसत आणि लिहायला घेत. लिहिणे फार चाले. "बरे वाटेल" हे दोन शब्द त्यांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या तोंडून कोणी ऐकल्याचे मला स्मरत नाही. ते म्हणत, "बरे न वाटण्याची शक्यता फेटाळता येत नाही." रस्त्यात कोणी सहज "कसं काय डॉक्टर, बरं आहे ना?" असे विचारले तर थबकत, विचार करत आणि तपासणी केल्याशिवाय सांगणे योग्य होणार नाही असे उत्तर देत. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थाने जिलेबी घेऊ का, असे त्यांना विचारले. डॉक्टरांनी त्याच्या साखरेचा शेवटचा अहवाल कधीचा आहे याची चौकशी सुरू केली. तेवढ्यात वाढपी पुढे निघून गेला, आणि ते गृहस्थ डॉक्टरांशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

पायात बाभळीचा काटा मोडलेला माणूस आला, तर काटा काढण्यापूर्वी त्याची सही आणि दोघांची साक्ष लागे. साक्षीला बाहेरच्या बाकावर बसलेले पुढचे रुग्ण बोलावले जात, त्यामुळे कोणाच्या कोणत्या पायात काय मोडले आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असे. त्यांचा कंपाउंडर भानुदास, जो त्यांच्याकडे दवाखाना उघडल्या दिवसापासून होता, एकदा वैतागून म्हणाला, "आन काटा काढायचा न्हाई म्हनला एखादा, तर त्याची बी सही घ्यायची का?" डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले आणि भानुदासकडे कौतुकाने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून काटा न काढण्याचीही सही घेतली जाऊ लागली.

दवाखान्यात कॅमेरा होता, खिडक्यांना जाळ्या होत्या, औषधांच्या कपाटाला कुलूप होते आणि त्या कुलपाच्या किल्लीच्या खणाला दुसरे कुलूप होते. हे सारे पाहून मला हसू येई, कारण डॉक्टरांचे घर शिंगणापूरच्या वाटेवर, तिथल्याच शिवारात होते. तिथल्या रीतीप्रमाणे त्या घराला चौकट होती, दार नव्हते. कुत्रे आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी टेकवत, तेवढाच काय तो बंदोबस्त. मी त्यांना एकदा विचारले की जो मनुष्य उघड्या घरात निर्धास्त झोपतो, त्याने दवाखान्याला एवढी कुलपे का लावावीत. ते म्हणाले, "घरी फक्त चोर येऊ शकतो, भाऊसाहेब. इथे रुग्ण येतात."

माझे सारे आयुष्य न्यायालयाच्या कार्यालयात गेले. निवृत्तीनंतर मी घोडेगावी येऊन राहिलो. डॉक्टरांशी ओळख झाली ती त्यांच्यावरील एका खटल्यामुळे, त्याचे पुढे सांगतो; तो निकाली निघाल्यावर खोकल्याचे निमित्त होऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली. मग छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, थुंकीची तपासणी, हृदयाचा आलेख आणि पोटाची सोनोग्राफी असे सर्व लिहून दिले. खोकला पोटात नसतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

"नसेल," ते म्हणाले. "पण पोटात दुसरं काही असलं तर?"

मी सर्व करून आलो. सर्व अहवाल निर्दोष निघाले. खोकला तोवर आपणहून गेला होता. संतापाने मी वैद्यक परिषदेकडे तक्रार करण्याचे ठरवले आणि तसे त्यांच्या तोंडावर सांगितले. त्यांनी मला परिषदेचा पत्ता दिला, पिनकोडसह. शिवाय तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी, साध्या टपालाची पोच मिळत नाही, असे सुचवले. मात्र मी तक्रार करणारा मनुष्य आहे हे कळल्यानंतर माझ्या तपासण्या वाढल्या. साध्या शिंकेसाठी मला नगरला जावे लागे. डोक्यापासून तळपायापर्यंत ज्याचे सर्व काही निर्दोष असल्याचे प्रमाणपत्रासह सिद्ध झाले आहे, असा तालुक्यातील एकमेव मनुष्य मी असेन, आणि याचा मला आजही राग येतो.

मी त्यांना वारंवार समजावले. कायदा डॉक्टरकडून वाजवी काळजीची अपेक्षा करतो. अखिल विश्वाच्या तपासण्या करा असे कोणत्याही कलमात म्हटलेले नाही. त्यांच्याच जागी दुसरा एखादा सुज्ञ डॉक्टर जे करील, तेवढे केले की पुरे. हे ऐकताना ते शाळकरी मुलासारखी मान डोलावत. एकदाच उत्तर दिले.

"वाजवी म्हणजे किती, ते निकालात कळतं, भाऊसाहेब. रुग्ण तर आधी येतो."

ज्या विषयावर मी कोणालाही पत्र पाठवलेले नाही असा हा एकच विषय असावा.

ते पूर्वी असे नव्हते. जुनी माणसे सांगत की डॉक्टर पोटाला हात लावून बोलत आणि बोललेले खरे होई. बाजारच्या दिवशी बैल विकायला आलेली माणसे बैल सोबतीच्या हवाली करून दवाखान्यात डोकावत, डॉक्टर उभ्याउभ्याच बघत आणि "काही नाही तुला, जा घरी" म्हणत. माणूस अर्धा तिथेच बरा होई. हे वाक्य त्यांचे ठरलेले होते. याच वाक्याने त्यांचा घात केला.

शेजारच्या गावचा एक गृहस्थ पोट दुखते म्हणून आला होता. डॉक्टरांनी पोट चाचपले, काही नाही, घरी जा म्हणाले. त्याचे दुखणे थांबलेही. परंतु घरच्यांनी हौसेने नगरला नेऊन सोनोग्राफी केली, तीत मूत्रपिंडात एक बारीक खडा दिसला, जो कोणाला काही त्रास देत नव्हता आणि पुढेही दिला नाही. पण खडा तो खडा. वकिलाची नोटीस आली, ग्राहक न्यायालयात प्रकरण उभे राहिले, आणि न्यायालयाच्या चालीरीती मला माहीत म्हणून डॉक्टर मला प्रत्येक तारखेला सोबत नेऊ लागले. ते तिथल्या बाकावर हातात टॉवेल घेऊन बसत. दवाखान्यातून निघताना खुर्चीवरचा टॉवेल ते सवयीने उचलत आणि मग दिवसभर त्याचे काय करावे हे त्यांना समजत नसे.

त्यांच्या उलटतपासणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. तक्रारदाराचा वकील तरुण होता, हुशार होता. त्याने विचारले, सोनोग्राफी केली नाही, रक्त तपासले नाही, मग या माणसाला काही झालेले नाही हे तुम्हाला कळले कसे?

"हाताला कळलं," डॉक्टर म्हणाले.

न्यायालयात हशा पिकला. वकिलानेही थोडे हसून घेतले आणि मग म्हणाला, "हाताला कळलेलं रेकॉर्डवर कसं घ्यायचं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. ते पाहणे मी विसरलेलो नाही. तिथे जणू दुसऱ्याच कोणाचा हात होता.

तक्रार फेटाळली गेली. निकाल पूर्णपणे डॉक्टरांच्या बाजूने लागला. मी निकालपत्र वाचले आहे, त्यात एकही शब्द त्यांच्याविरुद्ध नाही. पण त्या दिवसापासून "काही नाही तुला, जा घरी" हे वाक्य घोडेगावात पुन्हा ऐकू आले नाही. कुलपे, जाळ्या, कॅमेरा, साक्षीदार हे सारे त्यानंतरचे. भेटीला घरी जाणेही त्यांनी बंद केले, कारण लोकांच्या घरी कॅमेरा नसतो.

आता टॉवेलाचे सांगतो.

घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला हे नव्याने सांगायला नको, इतरांसाठी लिहितो. तिथले जुने व्यापारी बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि त्याच्या आड एकमेकांची बोटे दाबतात. किती बोटे धरली, कशी धरली, यावरून आकडा कळतो. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला काही समजत नाही, आणि नंतर कोणी म्हणू शकत नाही की अमका असे बोलला होता. कोणी काही बोललेलेच नसते.

डॉक्टरांचा दवाखाना बाजारतळाच्या समोर होता. शिवाय ते याच भागात वाढलेले, लहानपणापासून त्यांनी हे पाहिले होते.

पहिल्यांदा मी हा प्रकार पाहिला तो एका ऊसतोडणीवर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत. दिवाळी सरली होती, टोळी निघायच्या बेतात होती, आणि तिचे डोके दुखत होते. डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर तिला मेंदूचा स्कॅन, डोळ्यांची तपासणी आणि रक्ताच्या बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या, वाचून दाखवल्या, सही घेतली. बाईचा चेहरा उतरला. मग त्यांनी टॉवेल उचलला, हात पुसल्यासारखे केले, तो दोघांच्या हातांवर टाकला, आणि तिचा हात मुठीत मिटवून घट्ट दाबला.

बाई एकदम सरळ बसली. "असं व्हय," म्हणाली. "मंग उन्हाची डोक्याला बांधते फडकं, आन पानी पिते लई." तपासण्यांची चिठ्ठी तिने घडी घालून कमरेला खोवली आणि उभी राहिली.

भानुदासने मला नंतर या भाषेचा खुलासा केला. एक बोट दाबले तर लिहिलेल्यातली पहिली तपासणी खरोखर करायची, दुसरे दाबले तर दुसरी. सगळी बोटे धरली तर वेळ घालवू नका, आजच नगरला निघा. आणि मूठ मिटून दाबली तर काही नाही तुला, जा घरी. पंचक्रोशीतल्या बैलवाल्यांना, मेंढपाळांना, भाजीवाल्या बायांना हे शिकवावे लागले नाही. कोणी कोणाला सांगितलेही नाही. फक्त माझ्यासारखी कागद वाचणारी माणसे तेवढी कागद वाचत राहिली आणि नगरच्या फेऱ्या मारत राहिली.

मी डॉक्टरांकडे लेखी निषेध नोंदवला. वैद्यकीय अभिप्राय टॉवेलाखाली देणे अयोग्य आहे. असा अभिप्राय पुरावा म्हणून टिकणार नाही.

"म्हणूनच तर," डॉक्टर म्हणाले. आणि हा व्यवहार कोणत्या कलमाखाली बेकायदेशीर ठरतो ते मी शोधून कळवावे, म्हणजे त्यांना तशी काळजी घेता येईल, असेही त्यांनी अत्यंत नम्रपणे सुचवले. मी बरेच शोधले.

पुढच्या भेटीत त्यांनी माझ्याही हातावर टॉवेल टाकला. मी हात मागे घेतला आणि जे काही सांगायचे ते स्पष्ट आणि लेखी सांगावे, अशी विनंती केली. त्यांनी लेखी दिले. नगरला त्या दिवशी मला माझ्या थायरॉईडची ओळख झाली.

आता अक्काकडे येतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे असे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्या तपासण्या झाल्या. डोळ्याचे राहिले बाजूला. हृदयाच्या आलेखात एक काहीतरी किंचित दिसले, ते किंचित काय आहे हे पाहण्यासाठी आणखी तपासण्या झाल्या, आणि ते जे काही होते ते वाढू नये म्हणून दोन गोळ्या सुरू झाल्या. रुग्णालयातील तरुण डॉक्टर सौजन्याने बोलत होते. प्रत्येक वाक्यानंतर "आपण सेफ साइडला राहूया" असे म्हणत. ही बाजू नेमकी कोणाची, हे मी त्यांना पत्राने विचारले होते.

गोळ्या सुरू झाल्यावर अक्काला उठले की चक्कर येऊ लागली. एके दिवशी सकाळी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली. हाड मोडले नाही हे नशीब. तिचा मुलगा बंगळूरला असतो. त्याला फोन केला. त्याने तिथूनच नगरच्या रुग्णालयाशी बोलणे केले. त्यांनी सांगितले की ताबडतोब आणा, अतिदक्षता विभागात ठेवू, अँजिओग्राफी करू, पेसमेकरही लागू शकतो. दुपारपर्यंत रुग्णवाहिका आमच्या दारात येऊन उभी राहिली.

अक्काने पलंगाची दांडी धरली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "त्या काचेच्या खोलीत एकदा घातलं की माणूस आपला राहत नाही. समोरच्या काकू तशाच गेल्या, हाताला नळ्या लावून, पोराला बघू पण दिलं नाही. त्या डॉक्टरला बोलवा. त्याने सांगितलं जा, तर जाईन."

मी म्हणालो की डॉक्टर आता कोणाच्या घरी जात नाहीत. अक्काने निरोप दिला: मी मेले तरी मी तक्रार करणार नाही, असे त्यांना सांगावे.

डॉक्टर आले. हातात बॅग, खांद्यावर टॉवेल आणि साक्षीदार म्हणून मागे भानुदास. त्यांनी अक्काला झोपवून रक्तदाब पाहिला, मग हात धरून उभे केले आणि पुन्हा पाहिला. गोळ्यांची पाकिटे मागून घेतली, उलटसुलट करून वाचली. नाडी धरून बराच वेळ डोळे मिटून बसले. मग कागद काढला आणि लिहू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. रुग्णालयाने सांगितलेले सर्व त्यात होते, वर आणखी दोन गोष्टी होत्या.

मग त्यांनी टॉवेल उतरवला, अक्काच्या हातावर टाकला आणि तिची मूठ मिटून दाबली.

अक्का बाजारात कधी गेली नव्हती, पण त्या दाबण्याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. तिचा चेहरा सैलावला. "मला कळलं," ती म्हणाली. "पण त्याला कोण सांगणार?"

तिने माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवले. व्हिडिओवर तिचा मुलगा होता. डोळे लाल, मागे ऑफिसची काचेची भिंत.

"मामा, काय म्हणतायत डॉक्टर?"

मी त्याला कागद वाचून दाखवला.

"म्हणजे न्यायचंच," तो म्हणाला. "ड्रायव्हरला स्ट्रेचर काढायला सांगा."

"डॉक्टर," अक्का म्हणाली. एवढेच.

डॉक्टरांनी टॉवेल हातात घेतला, मोबाईलकडे पाहिले आणि टॉवेल किंचित पुढे केला. मग त्यांच्याच लक्षात आले असावे की याच्यावर टॉवेल टाकून उपयोग नाही. त्यांनी तो परत खांद्यावर ठेवला, पुन्हा उतरवला, हातात पिळला. बाहेर स्ट्रेचरची चाके फरशीवर उतरल्याचा आवाज आला. अक्काने दांडी आणखी घट्ट धरली.

"भाऊसाहेब," ते मला हळू आवाजात म्हणाले, "हे सगळं रेकॉर्ड होतं का?"

होऊ शकते, मी म्हणालो. मी खोटे सांगू शकत नव्हतो.

"मी काही रेकॉर्ड करत नाहीये, डॉक्टर," पलीकडून आवाज आला. "मला फक्त सांगा. आईला न्यायचं की नाही?"

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी भानुदासकडे पाहिले, दाराकडे पाहिले. मला वाटले, आता हे निघून जाणार. पण त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि तोंडासमोर धरला.

"करा रेकॉर्ड," ते म्हणाले. "सुरू करा. झालं सुरू? ऐका. तुमच्या आईच्या हृदयात काही नाही असं मी म्हणत नाही; वयाप्रमाणे असेल. पण आजची चक्कर हृदयाची नाही, गोळ्यांची आहे. झोपल्या की रक्तदाब ठीक आहे, उभ्या राहिल्या की पडतो. दोनपैकी एक गोळी आजपासून बंद, दुसरी अर्धी. नगरच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करून हे सांगणार आहे. मी सकाळ-संध्याकाळ येऊन बघीन. छातीत दुखलं, श्वास लागला, शुद्ध हरपली, तर मीच गाडीत बसून नेईन. आज न्यायची गरज नाही. हे मी म्हणतो. चुकलो तर मी चुकलो, दुसरं कोणी नाही. साक्षीला भाऊसाहेब आहेत. त्यांनी माझी केस पाहिलेली आहे."

पडद्यावर मुलाचा चेहरा जवळ आला.

"तुम्हाला कसं कळलं?" मुलाने विचारले. वकिलासारखे नव्हे, मुलासारखे.

"हाताला," डॉक्टर म्हणाले.

या वेळी कोणी हसले नाही. स्ट्रेचर परत गाडीत चढले. ड्रायव्हरला अक्काने चहा पाजल्याशिवाय जाऊ दिले नाही.

दोन-चार दिवसांत चक्कर गेली. आठवड्याने अक्का परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढायला काठी शोधू लागली. डॉक्टर मात्र सकाळ-संध्याकाळ येत राहिले, आणि अक्का बरी झाली तसे ते अधिकाधिक बिचकू लागले. जे मोठ्याने बोलले गेले ते आता कुठेतरी बंगळूरला साठवलेले आहे, ही जाणीव त्यांना झोपू देईना. एकदा त्यांनी मला अडवून विचारले की ग्राहक न्यायालयात तक्रारीची मुदत किती.

"वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे," मी म्हणालो. "परंतु येथे कारण घडलेलेच नाही. बाई शेवग्याच्या शेंगा काढते आहे."

"हो, पण घडलं तर?"

"घडले तर त्या दिवसापासून."

"मग आजपासून मोजलेलं बरं," ते म्हणाले आणि कॅलेंडरवर खूण करायला निघून गेले. कायद्याचे इतके चुकीचे आणि इतके प्रामाणिक वाचन मी दुसरे पाहिलेले नाही.

अक्काला हे समजले तेव्हा तिने एक नेम धरला. दर बाजारच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ती दवाखान्याच्या दारात थांबे, आत पाहून कॅमेऱ्याकडे चेहरा करी आणि म्हणे, "आहे हो मी अजून." भानुदास आतून ओरडे, "आलं रेकॉर्डला, अक्का. जावा आता." डॉक्टर लाजून खाली मान घालत आणि समोरच्या रुग्णाला आणखी एखादी तपासणी लिहून देत. कारण बाकी काहीही बदलले नव्हते. बाकीच्या सगळ्यांसाठी तोच कॅमेरा, त्याच सह्या, तोच टॉवेल. मला तर त्यांनी त्याच आठवड्यात डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला पाठवले. मी त्याविरुद्ध लिहिले.

मुदत ज्या दिवशी संपली त्या दिवशी ते मी डॉक्टरांना सांगितले नाही. त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. अक्काला मात्र सांगितले. ती जरीकाठाचे लुगडे नेसून निघाली. बाजाराचा दिवस होता, दवाखाना भरलेला होता. बाकावरच्या माणसांनी तिला आत जाऊ दिले आणि मी तिच्या मागोमाग गेलो.

डॉक्टरांनी तिला बसवले, नाडी पाहिली, आणि सवयीने कागद पुढे ओढला. पहिली ओळ लिहून झाली, दुसरी सुरू झाली. अक्का थोडा वेळ पाहत राहिली. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे गेली, पाठीवरचा टॉवेल उचलला आणि त्यांच्या लिहित्या हातावर टाकला. पेन घरंगळले. टॉवेलाखाली तिने त्यांचा हात धरला, बोटे एकेक करून मिटवली आणि मूठ घट्ट दाबली.

बाकावरची माणसे दारातून बघत होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाला ही भाषा येत होती.

डॉक्टरांनी टॉवेल नीट घडी करून खांद्यावर टाकला, अर्धा लिहिलेला कागद तसाच टेबलावर ठेवला आणि उठले. भानुदासने घड्याळाकडे पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले की एवढी माणसे बसली आहेत, आन डाक्टरसाहेब चालले कुठे.

"घरी," डॉक्टर म्हणाले. "जा म्हणालेत मला."

आणि कपाटाचे कुलूप न लावता ते बाहेर पडले.